यवनांचे खांब आणि कुणालाच न वाचता येणारी अक्षरं

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरलं की मान आपसूक वर जाते. छताच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आणि अजून जागेवर. त्या बघण्यातच पहिली काही मिनिटं जातात. मग नजर खांबांच्या माथ्यावर उतरते. तिथे गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि त्यांच्या पाठीवर ऐटीत बसलेली जोडपी. त्याहून खाली, खांबांच्या अष्टकोनी अंगाकडे, फारसं कुणी पाहत नाही. मी ब्राह्मीची मुळाक्षरं गिरवून झाल्यावर तिथे गेलो तो मात्र खास त्यासाठीच. एका खांबावर कोरलंय, ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. धेनुकाकट गावच्या सिंहध्वज नावाच्या यवनाने दिलेला हा खांब. असे यवन दाते तिथे आणखीही आहेत आणि ते बहुतेक याच धेनुकाकटचे. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा एक अत्तरवाला दात्यांत आहे, सामी नावाचा सुतारही आहे.

एकवीरेच्या दर्शनाला आलेल्या एक आजी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ‘काय वाचतोस रे बाला?’ मी म्हटलं, ‘आजी, हा खांब परदेशी माणसाने दिलाय. ग्रीक म्हणा ना.’ आजींनी खांब खालपासून वरपर्यंत न्याहाळला, मग शेजारचा न्याहाळला, आणि म्हणाल्या, ‘यात परदेशी काय हाय? सगले सारखेच तं हायत.’

आजींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. सिंहध्वजाच्या खांबावर ग्रीक असं काहीही नाही. ग्रीक देवळातल्या खांबावर असतात तशा उभ्या पन्हाळी नाहीत, वेलपत्ती नाही, ग्रीक लिपीतलं एक अक्षर नाही. लेख प्राकृतात, नाव ‘सिंहध्वज’, दान बौद्ध भिक्खुसंघाला. ‘यवनस’ ही चार अक्षरं कोरणाऱ्याने गाळली असती, तर हा माणूस आपल्याला कधीच सापडला नसता. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर ज्याला यवन म्हणत तो अस्सल अथेन्सच्या रक्ताचा असेल असंही समजायचं कारण नाही. पण तो स्वतःला यवन म्हणवून घेत होता, आणि ते दगडात कोरून ठेवावंसं त्याला वाटत होतं, एवढं नक्की.

जुन्नरला हेच. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी खोदून दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याने गर्भद्वार. मला या यादीतली सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे इरिलच्या पोढ्या. सह्याद्रीत एप्रिल-मे महिन्यात डोंगर चढलेल्या कुणालाही विचारा, भिक्खूंना जास्त उपयोगाचं काय पडलं असेल, कोरीव दरवाजा की पाणी! इरिल हे नाव तेवढं परकं वाटतं. बाकीची नावं आपल्या गल्लीत खपून जातील.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, सतराव्या क्रमांकाचं लेणं आहे. त्याच्या लेखात दाता आपली ओळख सविस्तर सांगतो: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा, योनक (म्हणजे यवनच), धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. आईवडिलांसाठी आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने लेणं, आत चैत्यगृह आणि पोढ्या करवल्या. सोबत मुलगाही आहे, धम्मरक्षित. आजा धम्मदेव, मुलगा इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्षित. मधल्याच्या नावात इंद्रही आहे आणि अग्नीही. तीन पिढ्यांत ग्रीक नाव एक नाही, तरी ‘योनक’ सुटलेलं नाही. लेण्याच्या दर्शनी खांबांवर हत्ती आहेत, शेजारपाजारच्या लेण्यांसारखेच.

याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन करताना ती आई त्याला ‘शक-यवन-पल्हव-निसूदन’ म्हणते, शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा. तिथून चालत काही मिनिटांवर योनक इंद्राग्निदत्ताचं लेणं. शाळेच्या पुस्तकात पहिला लेख असतो, दुसरा नसतो. दोन्ही एका दमात वाचले की ‘परकीय’ या शब्दाभोवती जी घोषणाबाजी चालते ती जरा थकल्यासारखी वाटू लागते.

मग अस्सल ग्रीक वस्तू महाराष्ट्रात आलीच नाही का? आली की. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात पितळी-कांस्य वस्तूंचा साठा मिळाला, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती होती. ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उलट दिशेनेही माल गेला. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्याशी जवळचं नातं सांगणारी मूर्ती पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. पण या झाल्या जहाजातून आलेल्या-गेलेल्या वस्तू. माल म्हणून आल्या, हौस म्हणून ठेवल्या गेल्या. पोसायडनला पाहून कुठल्या सातवाहन मूर्तिकाराने आपली छिन्नी वेगळी धरली असं दिसत नाही.

आता गांधाराकडे जाऊ, म्हणजे पेशावर, स्वात, तक्षशिला, जलालाबादचा टापू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधार शैलीचे नमुने पाहायला मिळतात. गांधारचा बुद्ध एकदा पाहिला की विसरत नाही. केस कुरळे नव्हे, लाटांसारखे मागे वळवून माथ्यावर बांधलेले. दोन्ही खांदे झाकणारं जाड वस्त्र आणि त्याच्या अशा खोल, वजनदार चुण्या की करड्या शिस्ट दगडालाही कापडाचा भार आलेला वाटावा. बुद्धाच्या मागे वज्रपाणी उभा असतो. कित्येकदा तो दाढीवाला, पीळदार, सिंहाचं कातडं पांघरलेला, म्हणजे सरळ सरळ ग्रीक पुराणातला महाबली हेराक्लीस. फक्त हातातली गदा गेली आणि वज्र आलं. स्तूपाच्या तळाशी भार पेलून वाकलेले ॲटलास आहेत, तेही ग्रीक पुराणातलेच. ग्रीकांच्या कॉरिंथियन धाटणीच्या खांबाच्या माथ्यावर, अकँथसच्या पानांत छोटासा बुद्ध ध्यान लावून बसलेला आहे. पाहणाऱ्याला वाटतं, इथे ग्रीकांचंच राज्य असणार.

नव्हतं. यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली परंपरेतला मिलिंद, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याचा. शेवटचा ग्रीक राजा स्ट्रॅटो पूर्व पंजाबच्या एका कोपऱ्यात इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास संपला. गांधार कलेचा बहर आहे तो पहिल्या ते तिसऱ्या शतकातला, आणि तेव्हा सत्ता होती कुषाणांची. मध्य आशियातून आलेली ही मंडळी ग्रीकही नव्हेत आणि इथलीही नव्हेत. भंते नागसेनांना प्रश्न विचारणारा मिलिंद आपण मनात रंगवतो तेव्हा मागे एखादी गांधार बुद्धमूर्ती ठेवून देतो. पण मिलिंदाच्या हयातीत मनुष्यरूपात बुद्ध घडवायची रीत सुरूच झालेली नव्हती. त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर चक्र आहे, बस्स. (या यवन राजाचं नाव बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिलं आणि परिसराला नाव मिळालं नागसेनवन. आजही महाराष्ट्रात दर दुसऱ्या वर्गात एक मिलिंद सापडतो. सियालकोटच्या त्या राजाला एवढी नातवंडं दुसऱ्या कुठल्या मुलखात मिळाली नसतील.)

म्हणजे गंमत बघा. कार्ला, जुन्नर, नाशिकला यवन आहेत, पण ग्रीक शैली नाही. गांधारात ग्रीक शैली आहे, पण यवनांचं राज्य केव्हाच बुडालेलं. आपण ‘ग्रीक प्रभाव’ हा शब्द असा वापरतो, की ग्रीक आले आणि त्यांच्या अंगावरून कला इकडच्या दगडावर सांडली. प्रत्यक्षात माणसं एका वाटेने गेली आणि शैली दुसऱ्याच. गांधारचे कारागीर कुठल्या जातकुळीचे होते यावर मागच्या शतकात बरीच लढाई झाली. फ्रेंच विद्वान फूशे यांनी बुद्धमूर्तीचा उगम ग्रीक हातांत शोधला. आनंद कुमारस्वामींनी १९२७ साली त्याला सणसणीत उत्तर दिलं आणि मथुरेकडे बोट दाखवलं. दोघांचंही वाचन अफाट, पण भांडणाच्या तळाशी मान-अपमान होता असं मला वाटतं. श्रेय कुणाला द्यायचं, हा प्रश्न वसाहतीच्या काळात जितका तापलेला होता तितका तो त्या शिस्ट दगडावर छिन्नी चालवणाऱ्याला कधीच पडला नसेल. रोमन साम्राज्याशी व्यापार जोरात होता, त्यातून पैसा आणि नमुने दोन्ही येत होते, स्तूप सजवायला दाते रांगेत होते. कारागिराने उपयोगी पडेल ते घेतलं.

कुषाण राजा कनिष्काचं एक सोन्याचं नाणं ही सरमिसळ सगळ्यात उघडपणे दाखवतं. एका बाजूला लांब कोट आणि जाडजूड बूट घातलेला राजा होमकुंडापाशी उभा. दुसऱ्या बाजूला समोर तोंड करून उभा बुद्ध, प्रभामंडळासकट, उजवा हात उचललेला, आणि बाजूला ग्रीक लिपीत त्याचं नाव: ‘बोड्डो’. लिपी ग्रीक, भाषा मात्र बॅक्ट्रियन, म्हणजे इराणी कुळातली. ही नाणी फार थोडी सापडली आहेत. कनिष्काच्या बाकीच्या नाण्यांवर इराणी देवता आहेत, शिव आहे, सुरुवातीच्या नाण्यांवर ग्रीक देवही आहेत. राजाने कुणालाच नाराज केलेलं नाही.

पण ग्रीक शैलीचं सगळ्यात चिवट, सगळ्यात लांब आयुष्य पाहायचं तर मूर्ती बाजूला ठेवून चांदीच्या एका हलक्या नाण्याकडे वळायला हवं. आणि ती गोष्ट आपल्या अंगणातली आहे.

पहिल्या शतकात भडोचला आलेल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने प्रवासाची माहितीपुस्तिका लिहून ठेवली आहे. तिच्यात सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पुढे दहा दिवसांवर तेर, असा हिशेबही आहे. त्यातली एक नोंद मात्र नाण्यांची: भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांचे जुने, ग्रीक अक्षरांचे द्रम्म, म्हणजे चांदीची नाणी, अजून चालतात. ‘अजून’ म्हणजे मिनँडर मेल्यावर जवळजवळ दोनशे वर्षांनी! राज्य नाही, वंश नाही, टाकसाळ नाही, पण चांदी खरी आणि वजन माहितीचं. व्यापाऱ्याला तेवढं पुरतं.

मिनँडरच्या द्रम्मावर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती शुद्ध ग्रीक: ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’. दुसऱ्या बाजूला वज्र फेकणारी अथीना आणि खरोष्ठी लिपीत प्राकृत: ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दोन वाचक, दोन भाषा, दोघांनाही नाणं कळतं.

त्यानंतर येतो नहपान, क्षहरात वंशातला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती. त्याचं नाणं भिंगाखाली धरा. साधारण दीड सेंटीमीटर व्यासाची चांदीची चकती, वजन अडीच ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे मिनँडरच्या द्रम्माचंच माप. उजवीकडे तोंड केलेला चेहरा. कडेने ग्रीक अक्षरं. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, त्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत ‘रञो छहरातस नहपानस’. कडेची ग्रीक अक्षरं एकेक लावत गेलात तर कळतं की ते ग्रीक नाहीच. तेच प्राकृत वाक्य, क्षहरात राजा नहपानाचं, ग्रीक अक्षरांत बसवलंय. साचा खोदणाऱ्याला अक्षरं येत होती, भाषेची गरज उरली नव्हती.

पुढची पायरी आणखी गमतीची. चष्टनानंतरच्या पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरं हळूहळू बिघडत जातात. ओमेगा या अक्षराची नुसती वाकडी रेघ होते, न्यू या अक्षराची दांडी निसटते, आणि काही पिढ्यांत कडेला उरतात फक्त रेघा आणि वर्तुळं. कुणालाही न वाचता येणारी. ती खोदणाऱ्यालाही नाही. तरी ती काढून टाकायची हिंमत कुणी केली नाही, राज्यकर्ते बदलत गेले तरी तीन शतकं. त्याच नाण्यांवर चेहऱ्याच्या मागे शक वर्षाचा आकडा मात्र ब्राह्मी अंकांत चोख घातलेला असतो, इतका चोख की क्षत्रपांची वंशावळ त्यावरून लावता आली. म्हणजे खोदणारे निष्काळजी नव्हते. आकडा वाचण्यासाठी होता. ग्रीक अक्षरं नाणं नाण्यासारखं दिसावं म्हणून होती. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेवर ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’ असतं तशी. कुणी वाचत नाही, पण नसलं तर पत्रिका पत्रिका वाटत नाही.

त्या चांदीचं काम कसं चालायचं याचा हिशेब नाशिकच्याच दहाव्या लेण्यात कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचं नाही, व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. कागद घेऊन ताळा करा. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. भागिले वीस, बरोबर बारा. लेखात भक्ती आहेच, पण मला त्यातला कारकून फार आवडतो.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. रेव्हरंड स्कॉट यांनी तो तपासला. त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या नाण्यांवर नाव एकच, पण चेहरे एकाचे नव्हेत. कुणी तरुण, कुणी सुरकुतलेला, नाकं-हनुवट्या निरनिराळ्या. म्हणजे अक्षरांसारखा चेहराही सुटा होऊ लागला होता. नाण्यावर एक मुंडकं पाहिजे, एवढीच अट.

त्या साठ्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली आहेत. वितळवली नाहीत. त्याच चकतीवर एका बाजूला डोंगराचं चिन्ह आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. ठोका घाईत पडलाय. कित्येक नाण्यांवर डोंगराखालून नहपानाची हनुवटी डोकावते, कडेला दोन-तीन ग्रीक अक्षरं तशीच. बलश्रीच्या लेखात क्षहरात वंश ‘निरवशेष’ केल्याचं म्हटलंय. नाण्यावर अवशेष आहेत, आणि ते चांगले चलनात होते.

इथवर आल्यावर वाटतं, सातवाहनांनी ही मुखवट्याची फॅशन टाकून दिली असेल. छे! गौतमीपुत्राच्या पुढच्या पिढ्यांनी स्वतःचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली, क्षत्रपांच्याच धर्तीवर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक मिळाले, सगळ्यात आतला सोन्याचा, त्यात भिक्षापात्राचे तुकडे. आणि सोबत चांदीचं एक नाणं, न झिजलेलं, यज्ञश्री सातकर्णीचा मुखवटा असलेलं. ते सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आलं. म्हणजे बुद्धाच्या भिक्षापात्राशेजारी, दख्खनच्या राजाचा चेहरा, ग्रीक द्रम्माच्या घाटात.

पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचं राज्य घेतलं आणि मागच्या बाजूला गरुड आणला. पुढची बाजू तशीच राहू दिली, चेहऱ्यालगतच्या त्या निरर्थक रेघांसकट. नाशिक-कोकणात त्रैकूटक राजांनीही हाच घाट चालवला. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराज आला. त्याच्या रुपेरी नाण्यावर ग्रीक अक्षरांचा मागमूस नाही, मागे बसलेला नंदी आहे, भोवती ‘परममाहेश्वर’ वगैरे बिरुदं. चेहरा मात्र अजून उजवीकडेच पाहतोय. ही नाणी नाशिक जिल्ह्यात वारंवार सापडतात, आणि ती टिकलीही मिनँडरच्या द्रम्मासारखीच. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला मिळालेल्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटात, इ.स. ७१० मध्ये, म्हणजे कृष्णराजाला जाऊन सव्वाशे वर्षं उलटल्यावर, पैशाची रक्कम सांगताना ‘कृष्णराजरूपक’ असंच लिहिलंय. नाण्यांचा अभ्यास करणारी संशोधन संस्थाही आज त्याच अंजनेरीला आहे.